दमेकरी काम काय करतो?

(नांदगाव पेठ येथे जिनिंग कामगार, शेतमजूर व आशा कार्यकर्त्या यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



वऱ्हाडात दमा हे जसे एका रोगाचे नाव आहे तसेच ते नशिबाचेही नाव होऊन बसले आहे. ‘त्यांच्या घराण्यातच दमा आहे’, ‘थंडी पडली की तिला धाप लागतेच’, ‘उतारवयात दम लागायचाच’ ही वाक्ये इतक्या सहजपणे उच्चारली जातात की ऐकणाऱ्याला पुढे काही विचारावेसे वाटत नाही. वस्तुतः पुढे विचारण्यासारखा एक प्रश्न तीनशे वर्षांपूर्वीच विचारला गेला आहे. इटलीतील मोडेना येथे वैद्यकी करणाऱ्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली श्रमिकांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याच्या बिछान्याशी बसल्यावर वैद्याने काय काय विचारावे याची परंपरा हिपोक्रेटिसपासून चालत आली होती. तिच्यात रामाझ्झिनींनी एका प्रश्नाची भर घातली : तू काम काय करतोस? अंबाडीसारख्या वाखाची धूळ नाकातोंडात जाऊन सतत खोकणाऱ्या पिंजाऱ्यांचे वर्णन त्यांनी त्याच ग्रंथात केले आहे. पेठेच्या आसपासच्या जिनांत रेच्यावर कापूस टाकणाऱ्या बाईला हा प्रश्न दवाखान्यात किती वेळा विचारला जातो, याचा विचार येथे जमलेल्या प्रत्येकाने करून पाहावा.

प्रथम रोगाचे प्रमाण पाहिले पाहिजे. देशातील बारा केंद्रांवर पंधरा वर्षांवरील लोकांची जी मोठी पाहणी झाली आणि जिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले, तिच्यात दम्याचे प्रमाण शेकडा २.०५ आढळले. पुढे नऊ केंद्रांवर सव्वा लाखाहून अधिक मुले व प्रौढ यांची पाहणी होऊन २०२२ साली तिचे निष्कर्ष आले, त्यांत हे प्रमाण शेकडा तीन ते साडेतीनच्या आसपास निघाले. २०१९ च्या जागतिक रोगभाराच्या हिशेबाप्रमाणे भारतात सुमारे ३ कोटी ४३ लाख दमेकरी आहेत. म्हणजे जगातील दर शंभर दमेकऱ्यांपैकी तेरा या देशात राहतात. परंतु त्याच हिशेबात आणखी एक आकडा आहे आणि खरा विचार त्याचा व्हावयास हवा : दम्याने जगात होणाऱ्या दर शंभर मृत्यूंपैकी सुमारे बेचाळीस भारतात होतात.

रोगी तेरा आणि मृत्यू बेचाळीस. हा रोग भारतात येऊन अधिक क्रूर होतो असे कोणतेही शास्त्र सांगत नाही. श्वासनलिका तीच, तिची सूज तीच आणि औषधेही तीच. तफावत आहे ती औषध पोचण्याची. वर उल्लेखिलेल्या २०२२ च्या पाहणीत छातीत घरघर होणाऱ्या दर शंभर जणांपैकी ब्याऐंशी जणांना ‘तुम्हांला दमा आहे’ असे कोणत्याही डॉक्टरने सांगितलेले नव्हते. आणि रोज घ्यावयाचे श्वासावाटेचे औषध नियमित घेणारे शेकडा अडीचसुद्धा नव्हते. असे दारिद्र्य केवळ पैशाचे नसते. ज्ञान ज्या वाटेने खाली झिरपावयाचे त्या वाटेचेही ते असते.

दम्यात काय होते हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण उपचाराचे सारे मर्म त्यात आहे. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला कायमची हलकी सूज असते. धूर, धूळ, परागकण, सर्दी, थंड हवा यांपैकी काहीही लागले की ही सुजलेली नलिका आवळली जाते, आत चिकट कफ साठतो आणि आत घेतलेली हवा बाहेर टाकता येईनाशी होते. आवळलेली नलिका तात्पुरती सैल करणारे एक औषध असते व मुळातली सूज उतरवणारे दुसरे. पहिल्याने पाच मिनिटांत बरे वाटते, म्हणून रोगी त्यालाच धरून बसतो. दुसऱ्याचा गुण यावयास आठवडे लागतात आणि बरे वाटू लागले की ते बंद केले जाते. केवळ पहिल्यावर विसंबणे धोक्याचे आहे हे आता इतके निश्चित झाले आहे की २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी सूज उतरवणाऱ्या औषधाच्या जोडीशिवाय नुसते तात्पुरते औषध देण्याची पद्धत त्याज्य ठरविली आहे. आपल्याकडे मात्र नेमकी तीच पद्धत रूढ आहे.

यामागे ‘पंपा’विषयीचे भय आहे. पंप एकदा लागला की सुटत नाही, पंप म्हणजे शेवटचा उपाय, पंप घेणाऱ्या मुलीचे लग्न जमत नाही, हे समज सुशिक्षितांतही आहेत. त्यापायी रोगी गोळ्या, इंजेक्शने आणि कोठल्या तरी पुड्यांकडे वळतो. पुडीने झटपट आराम पडतो तेव्हा तीत अनेकदा स्टेरॉईडच कुटून घातलेले असते. गंमत अशी की, जे द्रव्य पंपातून मायक्रोग्रॅममध्ये थेट फुप्फुसात जाते त्याला रोगी भितो आणि त्याच जातीचे द्रव्य गोळीतून मिलिग्रॅममध्ये, म्हणजे कितीतरी पट अधिक, साऱ्या शरीरात जाते त्याला भीत नाही. पंप नीट ओढता येत नसेल तर औषध घशातच राहते, हीही एक खरी अडचण आहे. त्यावर नळकांडे जोडावे लागते. ते विकत घेणे परवडत नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून केलेले नळकांडेही मुलांना तितकेच उपयोगी पडते, असे दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ साली सिद्ध करून दाखविले. आशाताईंना हे एका दुपारी शिकविता येईल.

मृग नक्षत्राच्या सुमारास हैदराबादला जिवंत मासळीतून दम्याचे औषध गिळण्यासाठी हजारो माणसे जमतात. विदर्भातूनही लोक जातात. कोजागरीच्या रात्री खिरीतून औषध देणारी ठिकाणे तर महाराष्ट्रात गावोगावी आहेत. या लोकांना हसणे सोपे आहे आणि पुरोगामी म्हणविणारे ते नेहमी करतात. परंतु तेथे जाणारा माणूस आळशी नाही. तो मजुरी बुडवितो, गाडीभाडे खर्च करतो, रात्रभर रांगेत उभा राहतो. रोगातून सुटण्याची एवढी इच्छा ज्याच्यापाशी आहे त्याला रोजचे औषध रोज का घ्यावयाचे हे कोणी शांतपणे बसून सांगितलेले नसते. अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्यान देण्याआधी त्या रिकाम्या जागेचा हिशेब दिला पाहिजे.

सरकारी बाजूने काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात दीर्घकालीन श्वसनरोगांचा समावेश झाला. श्वासावाटे घ्यावयाची औषधे आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. तथापि रोग्याला अपेक्षित असते ती गोष्ट साधी असते : जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याला न चुकता मिळणारा पंप. जीव कासावीस होऊन रोगी दाखल झाला तर आरोग्य विमा योजना खाटेचा खर्च उचलते. तो दाखल होऊ नये म्हणून लागणारे रोजचे औषध तिच्या कक्षेत येत नाही. त्यातच ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्या जुन्या औषधांच्या कमाल किमती पन्नास टक्क्यांनी वाढविण्यास औषध-मूल्य प्राधिकरणाने संमती दिली त्यांत दम्यावरील साल्ब्युटामोलच्या गोळ्या व वाफेचे द्रावण होते. उत्पादकांना जुनी किंमत परवडत नव्हती हे खरे मानले तरी खासगी दुकानातून औषध घेणाऱ्या मजुराला नवी परवडते काय, हा प्रश्न उरतोच.

आता कारणांकडे वळावयाचे. दम्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे हे कोणी नाकारीत नाही. परंतु घराण्याकडून येते ती प्रवृत्ती. तिला रोज चिथावणी देणाऱ्या गोष्टी घराबाहेरून आणि चुलीपासून येतात. वऱ्हाडात चुलीत लाकडापेक्षा पऱ्हाटी आणि तुराटी अधिक जळते. कापूस वेचून झाला की वाळलेली पऱ्हाटी फुकट मिळते, तर सिलिंडर भरून आणावयास रोख पैसे लागतात. उज्ज्वला योजनेने २०१६ पासून शेगडी घरात आणली, पण दुसरे, तिसरे, चौथे सिलिंडर मजुरीच्या दिवसांवर अवलंबून राहिले. धुराने डोळे चोळणारी बाई आणि तिच्या कडेवरचे मूल यांच्या श्वासनलिकांची गोष्ट येथून सुरू होते. विडीचे वेगळे सांगावयास नको.

नांदगाव पेठेची हवा मात्र चुलीच्या धुरापुरती राहिलेली नाही. अमरावतीहून नागपूरकडे जाणारा महामार्ग येथून जातो. त्याच्या कडेला औद्योगिक वसाहत व कापड उद्योग आहे. आणि १,३५० मेगावॅटचे कोळशावरील वीज केंद्र उभे आहे. ऊर्ध्व वर्धेचे पाणी शेतीला की विजेला, हा वाद गाजला, सभा झाल्या, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. पाणी दिसते, मोजता येते, कालव्यातून वाहताना त्याच्यावर हक्क सांगता येतो. हवेवर कोणी हक्क सांगितला नाही. अमुक धुरांड्यामुळे अमुक गावात दमा वाढला असे पुराव्याशिवाय म्हणता येणार नाही आणि म्हणूही नये. परंतु पुरावा मोजल्याशिवाय मिळत नाही, आणि हवेतील सूक्ष्म धूळ व शाळांतील मुलांचा श्वास हे दोन्ही नियमित मोजले जावेत, ही मागणी करण्यासाठी आधी पुरावा लागत नाही.

मोजल्याने काय होते याचे एक उदाहरण स्पेनमधील बार्सिलोनाचे आहे. १९८१ ते १९८७ या काळात त्या शहरात २६ वेळा असे घडले की, एकाच दिवशी अचानक असंख्य लोक धापा टाकीत रुग्णालयात आले, काही दगावले. डॉक्टरांनी नुसती औषधे देऊन हात झटकले असते तर ती नशिबाची गोष्ट ठरली असती. त्यांनी कोणत्या दिवशी बंदरावर काय उतरविले गेले याचे टिपण शोधले. प्रत्येक वेळी जहाजातून सोयाबीन उतरविले जात होते आणि कोठारावर धूळ अडविणारी गाळणी नव्हती. गाळणी बसविली गेली, साथ थांबली. ज्या जिल्ह्यात दसऱ्याच्या सुमारास रस्तोरस्ती सोयाबीनची मळणी होते, मळणीयंत्राच्या धुरळ्यात मजूर उपरण्याने नाक झाकून उभे असतात, तेथे ही हकीकत माहीत असावयास हवी.

पण वऱ्हाडचे मुख्य पीक कापूस, आणि कापसाची गोष्ट याहून गंभीर आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आगगाडीपाठोपाठ जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. त्या लँकेशायरच्या गिरण्यांतच कामगारांना होणारा एक विकार विसाव्या शतकाच्या मध्यास शिलिंग या डॉक्टरांनी पद्धतशीरपणे अभ्यासला. सुट्टीनंतर कामगार सोमवारी कामावर आला की दुपारपासून त्याची छाती आवळल्यासारखी होई. मंगळवारी जरा हलके वाटे. पुढे काही वर्षांनी मंगळवारही जड जाई, मग आठवडाभर. शेवटी काम सोडले तरी धाप सुटत नसे. या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. कापसाच्या बोंडाभोवतीच्या वाळक्या पानांचा चुरा रुईबरोबर येतो, त्यावर वाढलेल्या जंतूंची विषद्रव्ये धुळीतून फुप्फुसात जातात, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. सूतगिरणीतील रुई मोकळी करण्याचे व पिंजण्याचे खाते सर्वांत अधिक बाधित असते.

येथेच सारी गफलत होते. या रोगाची एक्स-रेमध्ये वेगळी खूण दिसत नाही. धाप लागलेला कामगार दवाखान्यात येतो. क्षयाची शंका घेऊन त्याचा बेडका तपासतात, छातीचे चित्र काढतात. दोन्ही स्वच्छ निघतात. मग चिठ्ठीवर ‘दमा’ असे लिहून त्याला घरी पाठविले जाते. त्या एका शब्दाने कामगाराचा रोग त्याच्या घराण्याच्या खात्यावर जमा होतो आणि कारखान्याच्या खात्यावरून वजा होतो. आशाताई तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी जो तक्ता भरतात त्यात धूर-धुळीच्या कामाविषयी प्रश्न आहे, हे चांगलेच आहे. परंतु तेथे उदाहरणे वीटभट्टीची व काचकारखान्याची आहेत. वऱ्हाडातल्या तक्त्यात जिन आणि सूतगिरणी ही नावे असावयास हवीत.

मुंबईच्या गिरणगावात हे घडून गेले आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांचे सहकारी यांनी गिरणी कामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास केला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींचे भाव चौरस फुटाने बोलले जाऊ लागले. कामगार श्वासासह कोकणात आणि घाटावर परतला. तरीही १९९५ मध्ये डॉ. मुरलीधर दांपत्य व विजय कान्हेरे यांनी मुंबईच्या एका गिरणीतील बिसिनोसिसचा अभ्यास प्रसिद्ध केला. या कामामागे सूत्र एकच होते : चिठ्ठीवर रोगाबरोबर कामही लिहिले गेले पाहिजे.

अमेरिकेत दक्षिणेकडील गिरणी कामगारांनी, त्यांत वृद्ध व निवृत्त बहुसंख्य, १९७५ मध्ये ‘ब्राउन लंग असोसिएशन’ काढली. १९७८ मध्ये सरकारने सूत कातण्याच्या खात्यांतील हवेत दर घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम धुळीची मर्यादा घातली. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. खर्चाच्या मानाने लाभ किती, हे आधी सिद्ध करा, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९८१ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. पण त्या मानकातूनही जिनिंग वगळले गेले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

जिनिंग सर्वत्र वगळले जाते. भारतात बिसिनोसिस हा कायद्याने मान्य केलेला व्यवसायजन्य रोग आहे. भरपाईच्या अनुसूचीत त्याचे नाव आहे. परंतु १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने ‘हंगामी कारखाने’ आपल्या कक्षेबाहेर ठेवले आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापसाचे जिनिंग व प्रेसिंग नावानिशी घातले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखान्यांना विम्याबाहेरच ठेवले आहे. उरते मालकाकडून थेट भरपाई मागण्याची वाट. तीत बिसिनोसिससारख्या रोगाला त्या कामावर ठरावीक काळ सलग नोकरी दाखवावी लागते. जिन चालते दिवाळीपासून चैत्राच्या आसपासपर्यंत. कामगार कंत्राटदाराचा, कंत्राटदार दरसालचा निराळा, मस्टरवर नाव असलेच तर तेही त्या हंगामापुरते. वीस हंगाम एकाच रेच्याशी उभी राहिलेली बाई कायद्याच्या दृष्टीने वीस वेळा नवी ठरते. हंगामीपणा हा कापसाचा धर्म असेल. धूळ मात्र हंगाम संपल्यावर फुप्फुसातून परत जात नाही.

यावर महाराष्ट्रातच एक नमुना आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाचे नाव मालकाच्या वहीतून काढून मंडळाच्या वहीत घातले. मालक बदलला, बाजार बदलला तरी नोंद कायम राहते. जिनिंग कामगारांची अशीच जिल्हावार नोंदणी झाली तर सलग नोकरीचा प्रश्न मुळातूनच सुटेल, कारण तेव्हा सलग असेल ती नोंद. हे काम अवघड आहे असे सांगितले जाईल. हमालांच्या बाबतीतही तेच सांगितले गेले होते.

या प्रश्नाला आता निकडही आली आहे. अमरावतीस मंजूर झालेल्या पीएम मित्र वस्त्रोद्यान प्रकल्पाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातून झाली. सुमारे हजार एकरांवर सूत, विणकाम, रंगाई, शिलाई एकत्र आणण्याची ती योजना आहे. रोजगार हवा आहे, त्याला विरोध नाही. वऱ्हाडचा कापूस बाहेर जाऊन कापड होऊन परत येतो, ही जुनी तक्रार आहे. पण कारखाना उभारला जात असतानाच धूळ खेचून घेणारी यंत्रणा बसविणे स्वस्त पडते. नंतर ती कधीच बसत नाही. गाडगेबाबांचा खराटा या जिल्ह्याने पाहिला आहे. परंतु कापसाच्या खात्यात कोरडा खराटा फिरविला तर खाली बसलेली धूळ पुन्हा श्वासात येते, तेथे ती ओढून घेणारे यंत्रच लागते. नाकाला बांधलेला दुपट्टा मोठा कचरा अडवितो; फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारी सूक्ष्म धूळ त्यातून सहज आत जाते.

यंत्रणा बसेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजणारी पीक फ्लो मीटर नावाची साधी नळी काही शे रुपयांत मिळते. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी कामावर जाण्यापूर्वी एकदा आणि पाळी संपल्यावर एकदा, प्रत्येक वेळी तीन फुंकरी घेऊन त्यांतील सर्वांत मोठा आकडा लिहावयाचा, एवढेच काम आहे. मागे नाव, वय, विडी आहे की नाही, चुलीचे जळण कोणते, आणि जिनमधले काम नेमके कोणते, हे लिहावयाचे. सकाळच्या व संध्याकाळच्या आकड्यांत मोठा फरक पडणाऱ्यांना स्पायरोमेट्रीसाठी जिल्हा रुग्णालयात पाठवावयाचे आणि तेथल्या कागदावर त्यांचे काम लिहून घ्यावयाचे. डॉक्टरांनी व्यवसायजन्य रोगाची शंका आल्यास कारखाना निरीक्षकांना कळविण्याचे बंधन कारखाना अधिनियमाच्या ८९ व्या कलमाने पूर्वीपासून घातलेले होते. नव्या संहितेतही ते कायम आहे. कळविण्याजोगे काही त्यांच्या हाती देणे, हे संघटनेचे काम आहे.

पहिले माप मात्र दसऱ्यापूर्वी, जिनच्या फाटकाशी कापसाच्या गाड्या लागण्याच्या आधी घेतले गेले पाहिजे. हंगाम सुरू झाल्यानंतर घेतलेल्या मापाशी ताडून पाहावयास बिनधुळीच्या दिवसांतले माप उरत नाही.